फलाटबाईंचा ‘नाही’ म्हणणारा वर्ग

चौथीचा वर्ग आणि माझं ऑफिस यांच्यामध्ये भिंत आहे, असं शाळेच्या नकाशात दाखवलंय. प्रत्यक्षात ते प्लायवूड आहे. पलीकडे कुणी शिंकलं की इकडे माझा हात रुमालाकडे जातो. या प्लायवूडच्या कृपेने माझी चौथी इतक्या वेळा झालीय की मला झोपेतून उठवून भागाकार घातलात तरी मी बाकी काढून देईन. मी या शाळेची कारकून. फी, दाखले, हजेऱ्या, शिक्के आणि कुणाची ना कुणाची हरवलेली पाण्याची बाटली असं सगळं माझ्या टेबलावर येऊन पडतं. डोकं शांत ठेवून काम करायचा माझा स्वभाव नाही आणि तो बदलायचा माझा विचारही नाही. एवढी माझी ओळख पुरे, कारण सांगायचंय ते फलाटबाईंबद्दल.

त्या पहिल्या दिवशी रुजू व्हायला आल्या, माझ्यासमोर उभ्या राहिल्या, माझ्या टेबलावरचा पेनांचा डबा उगाच स्वतःकडे ओढून घेतला, त्यावर किंचित वाकल्या आणि म्हणाल्या, “नमस्कार. मी नवीन शिक्षिका. नमस्कार. मी नवीन शिक्षिका.” दोनदा. मला वाटलं बाईंना मी बहिरी वाटले. मी म्हटलं, “ऐकू आलं हो पहिल्यांदाच.” त्यावर त्या इतक्या खळखळून हसल्या की कपाटावर झोपलेलं शाळेचं मांजर उठून बाहेर गेलं.

दोनदा बोलायची सवय कशी लागली ते मग कळलं. बाई आधी बस स्टँडवर माइकवर बोलायच्या. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, किती वाजता, किती उशिरा. पलीकडच्या वर्गात त्यांचा पहिला तास सुरू झाला आणि प्लायवूडमधून आवाज आला, “चौथीच्या विद्यार्थ्यांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. गणिताचा तास थोड्याच वेळात सुरू होत आहे. चौथीच्या विद्यार्थ्यांनी…” पुढचं काही मला ऐकू आलं नाही, कारण चौथीची पोरं बाकांवर आडवी झाली होती. मधल्या सुट्टीपर्यंत त्यांचं ‘फलाटबाई’ हे बारसं उरकलं होतं, आणि संध्याकाळी त्या स्वतःच मला म्हणाल्या, “ताई, नाव छान ठेवलंय हो पोरांनी. मला तर आवडलं.”

त्या स्टँडवर नोकरी करता करता शिक्षणाचा कोर्स करत होत्या. कधीतरी पुढेमागे शिक्षिका व्हायचं, असं निवांत चाललेलं. मग स्टँडच्या साहेबांनी त्यांना एका बंद खोलीत माइकसमोर बसवून त्यांचा आवाज तुकड्या-तुकड्यांनी भरून घेतला. सगळे आकडे, सगळी गावं, ‘सुटत आहे’, ‘येत आहे’, ‘दिलगीर आहोत’. त्या बिचाऱ्या हौसेने बोलल्या. पुढच्याच महिन्यात यंत्र आलं, ते तुकडे जोडून आपलं आपण बोलायला लागलं आणि साहेबांनी बाईंना पुष्पगुच्छ दिला. “ताई, माझ्याच आवाजाने माझी नोकरी खाल्ली,” असं सांगताना त्या हसत होत्या, पण डब्याचं झाकण त्यांना तीन वेळा लावूनही बसेना. त्यांचे यजमान त्याच स्टँडवर ड्रायव्हर. ते म्हणायचे, “दिवसभर स्टँडवर बायको सांगते गाडी काढा, घरी आलो की सांगते चपला बाहेर काढा. मी माणूस आहे की गाडी?”

शाळेत सगळ्यांना त्या आवडल्या, पोरांना तर फारच. तरी एक मोठी अडचण होती आणि ती मला प्लायवूडमधून रोज ऐकू यायची. माइकवर बोलणाऱ्या माणसाला समोरून उत्तर येत नाही. इतकी वर्षं बाई हजारो माणसांशी बोलल्या होत्या आणि त्यातल्या एकानेही त्यांना ‘अच्छा’ म्हटलं नव्हतं. त्यामुळे त्या प्रश्न विचारायच्या आणि त्याच श्वासात उत्तर देऊन टाकायच्या. “बारा भागिले चार किती तीन!” मध्ये स्वल्पविराम घालायलासुद्धा जागा नाही. आणि दर दोन मिनिटांनी, “कळलं का?”

“होऽऽऽ!”

हा ‘हो’ मी जन्मभर ऐकत आलेय. सगळ्या बाई, सगळे सर ‘कळलं का’ विचारतात आणि सगळे वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणतात. मी तर त्या तालावर शिक्के मारते. कळलं का, होऽऽ, ठप. कळलं का, होऽऽ, ठप. काम भराभर होतं.

मग पहिली चाचणी झाली. बाई पेपरांचा गठ्ठा घेऊन माझ्या ऑफिसात आल्या आणि समोरच्या खुर्चीत मटकन बसल्या. “ताई, अर्धा वर्ग नापास आहे हो.”

“मग त्यात काय, पहिलीच चाचणी.”

“पण हे सगळे हो म्हणाले होते!” त्यांचे डोळे भरून आले होते. “एक पोरगं नाही म्हणालं नाही. मी रोज विचारत होते. रोज!”

नेमक्या तेव्हाच मुख्याध्यापिका, म्हणजे आमच्या मोठ्या बाई, आत आल्या. त्या मनाने चांगल्या आहेत, पण वाईट बातमी पोटात ठेवता येत नाही त्यांना. त्यांनी तिथेच सांगून टाकलं की बाईंची नेमणूक वर्षभराच्या बोलीवर आहे, वर्ष संपताना तपासणी अधिकारी वर्गात बसून पाठ बघतील, आणि त्यांना पटलं तर बाई कायम. नाहीतर पुढच्या वर्षी चौथीला दुसऱ्या बाई. मोठ्या बाई गेल्यावर फलाटबाई पेपरांवर हात ठेवून बराच वेळ गप्प राहिल्या. त्यांना गप्प बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदाच बघितलं. स्टँडवर त्यांचा आवाज होता, पण त्यांची गरज नव्हती. परत जायला दारच नव्हतं. मला ते बघवेना म्हणून मी त्यांच्यावर खेकसले, “रडताय काय, प्रशिक्षणाला जा की! नवीन शिक्षकांसाठी दर शनिवारी असतं. फुकट असतं. आणि चहा मीच करते, तो तरी प्याल.”

तर शनिवारचं प्रशिक्षण. आसपासच्या शाळांतले सगळे नवे शिक्षक आमच्या हॉलमध्ये जमायचे. मला त्यांच्या सह्या घ्यायच्या असायच्या आणि चहा बघायचा असायचा, त्यामुळे मीही बसायचे मागे. प्रशिक्षक सर म्हणजे एक किडकिडीत, उत्साहाने उकळणारे गृहस्थ. बोलताना एका हातात खडू आणि दुसऱ्या हातात डस्टर, आणि रंगात आले की डस्टरने लिहायला जायचे. पण सांगायचे मोलाचं. एका जागी उभे राहू नका, वर्गात फिरा. आधी पोराला एकट्याने विचार करू द्या, मग शेजाऱ्याशी बोलू द्या, मग सगळ्यांसमोर. आणि प्रश्न विचारला की थांबा. गप्प राहा. पोरांच्या डोक्यात उत्तर शिजायला वेळ लागतो, तुम्ही मध्येच झाकण काढू नका.

“आणि तुम्ही सगळे मिळून एक मोठं पाप करता,” सर म्हणाले आणि फळ्यावर भलंमोठं ‘कळलं का?’ लिहिलं. “हा प्रश्न नाहीच मुळी. ‘काय, बरं चाललंय ना?’ असं रस्त्यात विचारतो ना आपण, तसलं ते आहे. समोरचा दाढदुखीने तळमळत असला तरी हो म्हणून पुढे जातो. तेव्हा ‘कळलं का’ वर्गात विचारायचं नाही. त्याऐवजी पोरांनाच म्हणा, मला सांगून दाखवा, करून दाखवा, शेजारच्याला शिकवून दाखवा.” मग त्यांनी हातातला खडू खिशात टाकला, समाधानाने सगळ्या हॉलकडे बघितलं आणि विचारलं, “कळलं का?”

“होऽऽऽ!” अख्खा हॉल. सगळे पदवीधर.

आणि मागच्या रांगेतून एकटा एक आवाज आला, स्पष्ट, खणखणीत, छताला धडकून परत येणारा, “नाही!”

फलाटबाई होत्या. सरांनी तोंड उघडलं, मिटलं, फळ्यावर स्वतःच लिहिलेल्या अक्षरांकडे बघितलं आणि मग जे हसत सुटले ते खाली बसेपर्यंत. त्यांच्या मागे सगळा हॉल. माझा चहा उतू गेला तरी मी उठले नाही. आणि फलाटबाई मात्र हसत नव्हत्या. काहीतरी सुचलेल्या माणसाचा चेहरा होता त्यांचा. मला तेव्हाच कळायला हवं होतं की आता माझ्या प्लायवूडचं काही खरं नाही.

सोमवारी सकाळी मी दाखल्यांवर शिक्के मारत होते. पलीकडे बाई पोरांना हळू आवाजात काहीतरी समजावत होत्या, पोरं खिदळत होती. मग गणित सुरू झालं. चांगली दहा मिनिटं शांततेत गेली. आणि मग सवयीने, बोलण्याच्या ओघात, बाईंच्या तोंडून निसटलं, “कळलं का?”

“नाऽऽऽऽऽही!!”

माझा हात उडाला आणि एका पालकाच्या नावावर शाळेचा शिक्का उलटा उमटला. मोठ्या बाई चप्पल न घालताच धावत आल्या. “काय झालं? कोण पडलं?” वर्गातली चिल्लीपिल्ली आनंदाने टाळ्या पिटत होती आणि बाई फळ्यापुढे उभ्या राहून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या. बोली अशी ठरली होती की बाईंच्या तोंडून ‘कळलं का’ आलं की वर्गाने एकमुखाने ‘नाही’ म्हणायचं, आणि मग बाईंनी तो भाग वेगळ्या तऱ्हेने परत घ्यायचा. पोरांना बाईंना पकडायची इतकी चटक लागली की ती श्वास रोखून बाईंचा शब्दन् शब्द ऐकायला लागली. ज्या वर्गात गणिताच्या तासाला निम्मी पोरं खिडकीबाहेर बघायची, तिथे आता कुणी डोळा हलवेना, न जाणो बाई घसरतील आणि आपलं ओरडायचं राहून जाईल.

घरीही सराव चालू होता. बाईंच्या सासूबाईंना तर ही पर्वणीच वाटली. सुनेने “आई, गोळ्या जेवणानंतर घ्यायच्या, कळलं का?” म्हणायचा अवकाश, म्हातारी मोठ्या थाटात “नाऽऽही” म्हणायची आणि सुनेला सगळं पहिल्यापासून सांगायला लावायची. “ताई, गोळ्यांचं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं,” बाई सांगायच्या, “पण मजा घेतात.”

त्यांचं सगळ्यात अवघड काम मात्र वेगळंच होतं, ते म्हणजे थांबणं. प्रश्न विचारून गप्प राहायचं म्हटलं की बाईंना घाम फुटायचा. मी एकदा वैतागून विचारलं, “अहो, गप्प राहायला काय कष्ट पडतात?” तर म्हणाल्या, “ताई, स्टँडवर माइक गप्प झाला की समजायचं काहीतरी बिघडलं. दोन मिनिटं आवाज नसला की लोक ऑफिसवर चालून यायचे. शांतता झाली की मला अजून वाटतं, आता कुणीतरी ओरडणार.” यावर तोडगा काढला यजमानांनी. ते म्हणाले, “तू मनात गाडी मागे घेत जा.” म्हणजे असं, की ड्रायव्हर गाडी फलाटाला लावतो तेव्हा मागे उभा राहिलेला माणूस हाताने खुणा करतो, येऊ द्या, येऊ द्या, अजून, अजून, बस्स. बाईंनी प्रश्न विचारायचा आणि मनातल्या मनात एक अख्खी गाडी मागे घ्यायची. गाडी फलाटाला लागेपर्यंत तोंड उघडायचं नाही. प्लायवूडच्या कडेला एक फट आहे, तिच्यातून मी बघायचे. प्रश्न विचारून झाला की बाईंचे हात पाठीमागे जायचे आणि बोटं हळूच हलायला लागायची, येऊ द्या, येऊ द्या. आणि गंमत म्हणजे गाडी लागेपर्यंत खरोखरच कुणीतरी हात वर करायचं.

तरी माझी एक शंका होती आणि शंका पोटात ठेवण्याचा माझाही स्वभाव नाही. मी म्हटलं, “बाई, आधी सगळे मिळून हो ओरडायचे, आता सगळे मिळून नाही ओरडतात. फरक काय पडला? घोळका तो घोळकाच.”

बाई डब्यातला घास तसाच हातात धरून विचार करत राहिल्या. “बरोबर आहे तुमचं,” म्हणाल्या. “पण आधी तोंडाला त्या शब्दाची सवय तर लागू दे. मग एक दिवस कुणीतरी एकटं म्हणेल.”

आता पाहुणीबद्दल सांगायला हवं. चौथीतली एक मुलगी रोज शाळा सुटल्यावर माझ्या ऑफिसात येऊन बसायची. तिला न्यायला तिचे आजोबा यायचे, एका कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी होते ते, ड्यूटी संपवून यायचे. तोवर ती माझ्यासमोरच्या स्टुलावर, पाय हलवत, वहीत चित्रं काढत. मी तिला पाहुणी म्हणायचे. इतकं शांत मूल मी बघितलेलं नाही. वर्गात ती हसायची सगळ्यांबरोबर, ओरडायची सगळ्यांबरोबर, पण एकटीचा आवाज म्हणून तिचा मी फक्त संध्याकाळी ऐकायचे. आजोबा दारात दिसले की तिचा चेहरा उजळायचा, ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायची आणि मला सांगायची, “आज आजोबा लवकर आले!” रोज. न चुकता. मी मान डोलवायचे. म्हटलं, लहान मूल आहे, आजोबांचं कौतुक आहे, असेल.

असं करत करत तपासणीचा दिवस उगवला.

तपासणी अधिकारी साहेब आले ते पावलांचा आवाज न करता. उंच, गंभीर, चष्म्यावरून बघणारे. चौथीच्या शेवटच्या बाकावर बसले तेव्हा त्यांचे गुडघे हनुवटीला लागत होते, पण त्यांना हसायची कुणाची छाती नव्हती. मी ऑफिसचं दार लावून घेतलं आणि फटीला डोळा लावला. तेवढ्यात मोठ्या बाई आल्या. मला वाटलं आता ओरडा बसणार. त्या म्हणाल्या, “सरक जरा,” आणि त्यांनीही खालच्या बाजूने डोळा लावला. शाळेचं अख्खं प्रशासन प्लायवूडला चिकटलेलं होतं.

बाईंनी पाठ घेतला तो वेळेचा, म्हणजे त्यांच्या घरचाच. फळ्यावर गणित होतं. गाडी पावणेतीनला सुटते, प्रवास दीड तासाचा, तर पोहोचेल किती वाजता? आधी एकट्याने, मग शेजाऱ्याशी, मग सगळ्यांनी. बाई वर्गभर फिरत होत्या. कुणाला उत्तर सांगत नव्हत्या. ‘कळलं का’ तर त्यांनी जिभेवर येऊच दिलं नाही. एकदा ‘कळ’ पर्यंत आलं होतं, पोरांनी छाती भरून श्वास घेतला होता, आणि बाईंनी चटकन “कळफलकावर” असं काहीतरी म्हणून वेळ मारून नेली. मोठ्या बाईंनी माझं मनगट दाबलं. उत्तर आलं, सव्वाचार. एका मुलाने फळ्याशी येऊन करून दाखवलं, दुसऱ्याने वेगळ्या रीतीने करून दाखवलं. सगळं अगदी प्रशिक्षक सर म्हणाले होते तसं. तास संपत आला. मी सुटकेचा निःश्वास सोडला.

आणि साहेब उठले. बाकातून पाय सोडवले, कोट नीट केला, वर्गाकडे बघून पहिल्यांदाच थोडेसे हसले आणि प्रेमाने विचारलं, “छान! काय मुलांनो, कळलं का?”

मोठ्या बाई माझ्या कानात म्हणाल्या, “अरे देवा.”

“नाऽऽऽऽऽऽही!!!”

इतका मोठा ‘नाही’ त्या वर्गाने आजवर दिला नव्हता. साहेबांसाठी खास असणार. खिडकीची काच थरारली. साहेबांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण त्याचा अर्थ उडून गेला होता. “काय?” ते म्हणाले. पोरांच्या लक्षात आलं, हे बाईंचं वाक्य नव्हतं, हे साहेबांचं होतं. एकेकाचा हात तोंडावर गेला.

“काय कळलं नाही?” साहेबांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, पण गोडवाही उरला नव्हता.

बाईंना एका वाक्यात सगळं सांगता आलं असतं. साहेब, हा आमचा खेळ आहे हो. मी फटीतून त्यांना मनातल्या मनात ढकलत होते, बोला ना बाई, बोला, नोकरी जाईल! त्यांच्या कपाळावर घाम होता. ओठ हलले. आणि मग मला दिसलं, त्यांचे हात पाठीमागे गेले. बोटं हलायला लागली. येऊ द्या. येऊ द्या. अजून. अजून.

खिडकीजवळच्या बाकावरून एक हात वर आला. अर्धाच. कोपर बाकावरच.

माझी पाहुणी होती.

“मला,” ती म्हणाली आणि थांबली. कुणी मध्ये बोललं नाही. “मला खरंच नाही कळलं. माझं सव्वापाच आलं होतं. मग हिने खोडून सव्वाचार केलं.” शेजारच्या मुलीने मान खाली घातली. “पावणेतीन म्हणजे… तीन वाजून गेल्यावर ना? तीन पंचेचाळीस?”

मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. बाईंनी त्या दिशेने फक्त बघितलं आणि हसू विझलं. मग त्या पाहुणीच्या बाकाशी जाऊन बसल्या, जमिनीवर, साडी सावरून. “किती छान सांगितलंस नेमकं काय अडलंय ते,” म्हणाल्या. “आता सगळ्यांनी एक करा. हा शब्द सावकाश म्हणा. फार सावकाश. जणू गाडी चढाला लागलीय.”

“पाऽऽवऽऽणेऽऽ,” वर्ग म्हणाला.

“परत. आणि काय ऐकू येतंय ते बघा.”

“पाऽऽव… ऊऽऽ… णेऽऽ…”

“पाहुणे!” एकजण ओरडला. “बाई, तीनकडे पाहुणे आलेत!” वर्ग हसून लोळला. पाहुणीही हसली. बाई म्हणाल्या, “मजेशीर आहे. अजून?” आणि हात पाठीमागे.

आणि मग फळ्याजवळच्या बाकावरचा एक मुलगा, ज्याची वजाबाकी वर्षभर त्याच्याशी भांडत होती, तो बाकावर चढूनच उभा राहिला. “पाव उणे! बाई, पाव उणे! उणे म्हणजे वजा! तीनमधून पाव वजा!”

“म्हणजे तीन अजून वाजलेच नाहीत!” शेजारची, जिने खोडलं होतं ती, पाहुणीला म्हणाली. “तीन यायचेत. पाव तास बाकी आहे त्यांना.”

“अरेच्चा!” हा आवाज शेवटच्या बाकाकडून आला. साहेब होते. त्यांनी लगेच खोकल्यासारखं केलं, पण आम्ही दोघींनी ऐकलं. खरं सांगते, मीही जन्मभर पावणे पावणे म्हणत आले आणि त्या शब्दाच्या पोटात वजाबाकी बसलीय हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. पाहुणीने खोडलेल्या उत्तराखाली स्वतःच्या हाताने परत गणित केलं. सव्वाचार आलं. मग ती बाईंना म्हणाली, “आता मी हिला शिकवून दाखवू?” आणि दाखवलं.

साहेब ऑफिसकडे निघालेले दिसले तशी आमची धांदल उडाली. मी खुर्चीत पडले. मोठ्या बाईंनी हाताला लागली ती फाइल उघडून गंभीर चेहऱ्याने वाचायला घेतली, ती उलटी होती. साहेबांनी पाणी मागितलं, ग्लास रिकामा केला आणि बसले.

“साहेब, तो वर्गाचा एक खेळ आहे,” मोठ्या बाई घाईघाईने म्हणाल्या, “म्हणजे पोरं उद्धट नाहीत, ते आपलं…”

“खेळ असेल,” साहेब म्हणाले. “ती खिडकीजवळची मुलगी खेळत नव्हती.” मग चष्मा काढून पुसत बसले. “इतकी वर्षं मी वर्गावर्गात जाऊन हा प्रश्न विचारतोय. सगळीकडे हो म्हणतात. बरं वाटतं. पुढच्या शाळेत जातो.” चष्मा परत घातला. “बाईंना बोलवा.”

फलाटबाई दारात आल्या. हाताला खडू, चेहरा पांढराफटक. साहेब उभे राहिले. “तुमचा पाठ मला आवडला. मी तुम्हाला कायम करावं असं लिहितोय. पुढच्या वर्षीही चौथीच घ्यायची, सोडायची नाही. कळलं का?”

“नाही!” फलाटबाई म्हणाल्या, सवयीने, खणखणीत आवाजात. आणि मग स्वतःच तोंडावर हात दाबला.

मग साहेबच आधी फुटले. तो गंभीर माणूस टेबल धरून हसत होता. मोठ्या बाई फाइलमध्ये तोंड खुपसून हसत होत्या. फलाटबाई हसत होत्या आणि रडतही होत्या, दोन्ही एकदम, आणि खडूचा हात डोळ्यांना लावून त्यांनी चेहरा आणखी पांढरा करून घेतला. “परत सांगतो,” साहेब म्हणाले, “वेगळ्या तऱ्हेने. बाई, तुम्ही इथेच राहणार आहात.” ते मात्र त्यांना पहिल्या फटक्यात कळलं.

संध्याकाळी शाळा सुटली. मी शिक्के आवरत होते. फलाटबाई डबा घेऊन निघण्याच्या बेतात माझ्याशी बोलत उभ्या होत्या, आज सासूबाईंना कसं सांगू, यजमानांना कसं सांगू, का स्टँडवर जाऊन त्या यंत्राच्या माइकवरूनच सांगू, असं चाललं होतं. पाहुणी नेहमीसारखी स्टुलावर होती. पण आज ती चित्र काढत नव्हती. घड्याळाकडे बघत होती.

“ताई,” ती म्हणाली, “आजोबा पावणेसहाला येतात. आई तसंच सांगते रोज.”

“हो, मग?”

“म्हणजे सहा वाजायच्या आधी. पाव तास आधी.” तिच्या कपाळावर आठी पडली. “मला वाटायचं सहा पंचेचाळीसला.”

मी हातातला शिक्का खाली ठेवला. रोजचं ते ‘आज आजोबा लवकर आले’ माझ्या कानात वाजायला लागलं. या पोरीला इतके दिवस वाटत होतं की आजोबा रोज तिच्यासाठी तासभर आधी धावत येतात, आणि त्या आनंदात ती रोज घरी जात होती. आता आम्ही सगळ्यांनी मिळून, प्रशिक्षण घेऊन, पाव उणे करून, तो आनंद तिच्याकडून काढून घेतला होता. फलाटबाईंनाही समजलं.

“म्हणजे आजोबा लवकर येत नव्हते?” तिने विचारलं.

मी बाईंकडे बघितलं. बाईंनी हात पाठीमागे नेले. त्यांची बोटं हलत होती.

पाहुणीने घड्याळ बघितलं, फाटकाकडे बघितलं, बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं केलं. मग तिच्या कपाळावरची आठी गेली आणि चेहरा नेहमीपेक्षाही जास्त उजळला.

“म्हणजे त्यांना एकदाही उशीर झाला नाही!” ती म्हणाली. “एकदाही नाही!”

बाहेर फाटकाचा आवाज झाला. पहारेकऱ्याची टोपी काखेत धरून आजोबा येत होते. पाहुणी दप्तर तसंच स्टुलावर टाकून पळाली आणि व्हरांड्यातून, अख्ख्या शाळेला ऐकू जाईल अशा आवाजात तिने घोषणा केली, “आजोबा, पावणेसहा! आजोबा, पावणेसहा!”

दोनदा.